चार टप्प्यांची धाव

टाकळी ढोकेश्वरच्या पीरमहंमदने अठरा वर्षे टपालाची थैली वाहिली. नगरपर्यंतच्या पंचवीस मैलांचे, थैली धावत नेणाऱ्या हरकाऱ्यांसाठी, चार टप्पे पाडलेले होते. पहिला त्याचा. पहाटे घुंगरू लावलेल्या काठीला थैली अडकवून तो निघे आणि भाळवणीच्या अलीकडच्या चौकीशी येईपर्यंत थांबत नसे. तिथे मच्छिंद्र उभा असे. थैली त्याच्या खांद्यावर जाई आणि पीरमहंमद लिंबाखाली अंग टाकी.

"पीरभाई, तुझी धाव सासुरवाडीला निघालेल्या जावयाची," मच्छिंद्र म्हणे. "ताट मांडलेलं दिसलं की पाय उचलतोस."

"आन् तू रं? माझं घुंगरू वाजल्याबिगर तुझी झोप मोडत न्हाई."

थैली दुपारच्या आत नगरला पोचे. या वेगाचा टाकळीला अभिमान होता, आणि गावाने त्याचे श्रेय एकट्या पीरमहंमदच्या पायांना दिले होते. गावातून निघताना दिसे तो एकच माणूस. पुढचे तिघे कोणी पाहिले नव्हते. एका टप्प्यापुरता जो वेग शरीराला झेपतो, तो चार टप्प्यांना झेपत नाही. ही साधी गोष्ट त्या व्यवस्थेच्या मुळाशी होती. पण ती राबणाऱ्यांना सांगण्याची गरज कोणाला पडली नाही. पीरमहंमदने नगर धावत कधी गाठले नव्हते. तरी नगर आपल्या पायाखालचे आहे, असे त्यालाही वाटू लागले होते.

१९४१ साली टपाल मोटारीने जाऊ लागले आणि हरकारे घरी बसले. मच्छिंद्र ऊसतोडीला कारखान्याकडे जाऊ लागला. पीरमहंमद मिळेल ती मजुरी करी. पुढे युद्धामुळे पेट्रोल मिळेनासे झाले. मोटार कोळशाच्या वायूवर चालू लागली आणि एक दिवस नगरला जाऊन दुसऱ्या दिवशी परत येऊ लागली. माणसांची साखळी मोडलेलीच राहिली.

१९४३ च्या थंडीत त्याची सात वर्षांची मुलगी सरवरी घशाने आजारी पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला पाणीही गिळवेना. साथीच्या कामासाठी गावात राहिलेला कंपाउंडर श्रीमंत याने तिचा घसा पाहिला.

"घटसर्प आहे," तो म्हणाला. "याची सुई नगरच्या दवाखान्यात मिळेल. चिठ्ठी देतो. मोटार आज नगरला आहे, तिसऱ्या प्रहरी इकडे निघेल. तिच्यातून औषध आलं, तर संध्याकाळी मी टोचतो. उद्यावर गेलं तर माझा भरवसा नाही."

पाटलाने आपले तट्टू देऊ केले. पीरमहंमदने हात जोडले.

"पाटील, तट्टू वाटंत पानी मागंल, चारा मागंल. मी काय मागत न्हाई."

जमलेल्या माणसांनी माना डोलावल्या. "पीरभाई हाय म्हनल्यावर नगर कितीसं लांब?" कोणीतरी म्हणाले. त्याची बायको सुरय्या मात्र उंबऱ्यातून म्हणाली, "तट्टू घ्या ना, अब्बा. सरवरीसाठी घ्या." हे ती नवऱ्याला नव्हे, दाराशी बसलेल्या सासऱ्याला म्हणाली, कारण परक्यांसमोर नवऱ्याशी थेट बोलण्याची रीत नव्हती. म्हातारा लेकाच्या पायांकडेच पाहत होता.

पीरमहंमद निघाला तो अठरा वर्षांच्या सवयीच्या वेगाने. पायांना दुसरा वेग ठाऊकच नव्हता. शिवाय या खेपेला थैलीही नव्हती. चौकी त्याने पूर्वीपेक्षाही लवकर गाठली. चौकी बंद होती. लिंब दिसताच त्याचे गुडघे आपोआप वाकले.

शेजारच्या खोपटातून मच्छिंद्रची बायको बनुबाई धावत आली. "अगं बाई, पीरभाऊ! तोंड किती पांढरं पडलंय. बसा वाईच."

"मच्छिंद्र कुठंय?"

"कारखान्यावर. ऊस संपल्याबिगर काय येत न्हाईत."

तो पाणी प्यायला आणि उठला. पुन्हा तोच वेग धरला. दुसऱ्या टप्प्याच्या मध्यावर पोटऱ्यांत गोळे आले, उलटी झाली. मग थोडे धावणे, पुष्कळ बसणे, पुन्हा धावणे. मनात सरवरी होती, म्हणून तो सावकाश चालायला तयार नव्हता. आणि सावकाश चालत नव्हता, म्हणून पोचत नव्हता. आरंभापासून बेताने चालणारा साधा वाटसरूही मोटारीच्या वेळेआधी नगरला पोचला असता. त्या दिवशी असे काही वाटसरू त्याच्या पुढे निघूनही गेले.

नगर अजून पाचेक मैल उरले असताना मोटार समोरून आली. त्याने दोन्ही हात वर केले. ड्रायव्हर दिलावर त्याला ओळखत होता.

"चढ, पीरभाई. टाकळीलाच निघालोय."

"मला नगरला जायाचंय. पोरीची दवा आनायचीय. माघारी फिरव, दिलावर."

दिलावरने मागच्या कोळशाच्या भट्टीकडे पाहिले, आतल्या माणसांकडे पाहिले. "एवढाच कोळसा हाय रे. फिरलो तर रातभर हितंच पडू समदे." तो खिडकीतून वाकला. "परवाच्या खेपंला आणू का?"

पीरमहंमद बाजूला झाला.

औषध त्याला दिवेलागणीला मिळाले. ते छातीशी धरून तो चालत परतला. आता धावणे शक्यच नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गावाशी आला, तेव्हा सरवरीला दफन करून माणसे माघारी येत होती. सुरय्याने त्याला कधी दोष दिला नाही. ती त्याच्याशी फारसे बोललीच नाही.

पाच वर्षांनी, १९४८ मध्ये, गावातल्या लंकाबाईच्या नवऱ्याला साप चावला. मोटार त्या दिवशी बिघडलेली होती. तिचा तरुण भाऊ गोरक्षनाथ धोतर खोचून औषध आणायला नगरकडे धावत सुटला. ओट्यावर बसलेला पीरमहंमद एकदम उठला.

"हळू, गोरख! हळू जा! नगर लांब हाय!"

"ऐका," पारावरून कोणी म्हणाले. "पोरीच्या वक्ताला बी असाच हळू गेला आसंल."

गोरक्षनाथने ते ऐकले असावे, कारण त्याने वेग वाढवला. वळणाआड जाईपर्यंत पीरमहंमद त्याच्या पायांकडे पाहत राहिला. हा पोरगा कुठवर टिकेल, हे त्याला दिसत होते. मग तो खाली बसला.