तिसऱ्या टाकीचं पाणी

मासळी संशोधन केंद्रात तात्या सव्वीस वर्षं टाक्या सांभाळत होते. मासा भुकेला आहे की आजारी, हे त्यांना नुसत्या पोहण्यावरून कळायचं. त्यामुळे प्रयोग करणाऱ्या मॅडमनी, "टाक्यांची अदलाबदल तर नाही ना झाली तुमच्याकडून?" असं विचारलं तेव्हा त्यांचं डोकंच फिरलं.

"अहो, टाक्या धुता धुता केस पिकले माझे!"

मॅडमही वैतागल्या होत्या. शिसं अंगात भिनलेल्या माशांना लसूण घातलेलं खाद्य देऊन फरक पडतो का, हे त्या तपासत होत्या. एका टाकीत शिसं, दुसरीत शिसं आणि लसणाचं खाद्य, तिसरीत नुसतं स्वच्छ पाणी. लसूणवाले मासे जरा तरतरीत दिसत होते. पण तिसऱ्या टाकीतल्या माशांच्याही शेपट्या काळ्या पडत होत्या, आणि ती शिशाची खूण. दोनदा प्रयोग केला, दोनदा मुसळ केरात.

"पाण्यातच खोट आहे," तात्या सांगत होते. पण टाक्या धुणाऱ्याचं कोण ऐकतो? तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा त्यांनी नळाचं पाणी बाटलीत भरून मॅडमच्या टेबलावर आदळलं. "आधी हे तपासा."

त्यात शिसं निघालं. भिंतीतला जुना पाइपच शिशाचा होता.

मॅडम खजील झाल्या. "चुकलंच माझं, तात्या."

"ते जाऊ द्या हो. हेच पाणी आपण सगळे पितोय, त्याचं काय?"

दोघं केंद्राच्या मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांच्यासमोर विकतच्या पाण्याची बाटली होती. "अर्ज द्या," ते म्हणाले. "आणि तोवर तिसऱ्या टाकीतही लसूण घाला की."

"मग आम्हीही लसूणच चघळत बसायचं का?" तात्यांच्या तोंडून निघून गेलं.

तीन अर्ज गेले. 'पुढे पाठवला आहे' यापलीकडे उत्तर नाही. शेवटी तात्यांनी दोन महिने शेजारच्या नव्या इमारतीतून बादल्या वाहिल्या. कंबर धरली, बायकोची बोलणी खाल्ली, पण प्रयोग पार पडला. लसणाने माशांच्या अंगातलं शिसं कमी झालं. पुरतं गेलं नाही. मॅडमनी अहवालात पाइपबद्दलही लिहिलं. तो वाचून वरच्या कार्यालयातून विचारणा झाली, आणि आठवड्यात प्लंबर हजर!

संध्याकाळी तो सामान आवरू लागला.

"अरे, चहाच्या खोलीचा पाइप राहिला!"

"कागदावर फक्त माशांची खोली आहे, काका."

तात्या उसळले. "म्हणजे माणसापेक्षा मासे बरे!"

प्लंबरने खांदे उडवले आणि पिशवी उचलली. तात्यांनी चहाच्या खोलीतलं पिंप मोरीत रिकामं केलं, घासून धुतलं, आणि माशांच्या खोलीतल्या नळाखाली लावलं. मग मॅडमकडे कागद मागितला. चौथा अर्ज लिहायचा होता.