शांत केलेला गिअरबॉक्स

मुलांनो, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत की आजोबा जुनी गाडी का चालवत नाहीत. त्यांनी "गुडघे" म्हणून फोन माझ्याकडे दिला आणि मीही गुडघ्यांवरच बोलले. ते खरं नव्हतं. सुट्टीत तुम्ही क्युपर्टिनोहून इथे नेपरव्हिलला आलात की गाडीतून चक्कर मारायचा हट्ट धराल, म्हणून आत्ताच लिहिते. सावकाश वाचा; अडलं तर आईला विचारा.

माझी सगळी नोकरी गिअरबॉक्सचा आवाज कमी करण्यात गेली. आजोबांची गाडी मात्र मोटारींच्या अगदी सुरुवातीच्या काळातली. तिच्या गिअरबॉक्समधली दातेरी चाकांची एक जोडी इंजिनाबरोबर कायम फिरते, आणि ती इतकी किंचाळायची की शेजारी बसून बोलता येत नसे. आजोबांच्या कानांत सतत शिट्टी वाजू लागली तेव्हा डॉक्टरांनी मोठ्या आवाजापासून जपायला सांगितलं. ते गाडी सोडणार नव्हते. मग मी गाडीच शांत करायचं ठरवलं.

ती जोडी नव्यानं आखली आणि बनवून घेतली. प्रत्येक दात टोकाकडे केसाहूनही कमी उतरता ठेवला, म्हणजे दात दातावर आदळत नाही, अलगद टेकतो. तो नेमका कुठे टेकतो हे बघायला दातांना रंग लावून चाक फिरवतात. माझ्याकडचा रंग वाळून गेला होता, म्हणून देवघरातला शेंदूर तेलात कालवला.

"अगं, गिअरचा मारुती केलास," आजोबा म्हणाले. "आता नारळ फोडू की बोल्ट आवळू?"

"बोल्ट. आणि आधी हात पुसा, सगळ्या सीटला लागेल."

ठसा दातांच्या बरोबर मधोमध उमटला. पहिल्या फेरीत सपाट रस्त्यावर गिअर फारसा बदलावा लागला नाही, आम्ही चक्क गप्पा मारत गेलो. मी खूश होते.

दुसऱ्या फेरीत नदीकडचा उतार लागला. या गाडीत गिअर बदलताना आतल्या चाकांचा वेग चालकालाच जुळवावा लागतो. आजोबा तो कानानं जुळवत. इंजिनाचा वेग वाढवायचा, जोडीचा सूर हवा तितका चढला की गिअरचा दांडा ढकलायचा. हे मला माहीत होतं. तरीही जोडी आखताना ते एकदाही माझ्या मनात आलं नाही.

त्या दिवशी त्यांना सूर मिळाला नाही. दात करकरले. त्यांनी पुन्हा ढकललं, पुन्हा करकर. गाडी आता कुठल्याच गिअरमध्ये नव्हती आणि वेग घेत होती. ब्रेक फक्त मागच्या चाकांना, पायानं दाबून तो पुरेना. खाली पायवाटेवर एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती, आमच्याकडे पाठ करून.

"हॅण्डब्रेक, अहो, हॅण्डब्रेक."

त्यांनी दोन्ही हातांनी तो ओढला. गाडी गवतात शिरून थांबली, बाईपासून दहा पावलांवर. तिनं वळून पाहिलं, गाडीचं कौतुक वाटून हसली आणि पुढे गेली. आम्ही मागून येतोय हे तिला ऐकूच आलं नव्हतं.

"मला काही ऐकू आलं नाही," आजोबा म्हणाले.

"कानांमुळे, की माझ्या जोडीमुळे?"

"ते मी कसं सांगणार? तूच सांग, तू इंजिनिअर."

त्याच आठवड्यात मी जुनी जोडी परत बसवली आणि म्हटलं, एकदा चालवून बघा, म्हणजे कळेल.

"आणि तीही नीट ऐकू आली नाही तर?" ते म्हणाले. "राहू दे."

म्हणून त्यांना आग्रह करू नका. रोजची ऑटोमॅटिक गाडी ते अजून चालवतात. मी शेजारी बसते, आणि मागून हॉर्न वाजला की आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघते. काल दोनदा वाजला. एकदाच त्यांनी आरशात पाहिलं.

जुनी गाडी गॅरेजमध्ये आहे. तिचं इंजिन सुरू होतं, आणि गिअरबॉक्समध्ये सगळी मूळची चाकं आहेत.