पहिल्या तोड्याचं पाकीट

माझा नवरा गुरुनाथ कंजूष नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तो तुम्हाला तसा वाटेल. कंजूष माणूस स्वतःसाठी राखून ठेवतो. हा दुसऱ्यांसाठी राखतो, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

आम्ही आयर्लंडमध्ये कासलबारला राहतो. गुरुनाथ इथे मेडिकल डिव्हाइसच्या फॅक्टरीत आहे. मशीन कागदावर लिहिल्याप्रमाणे चालतंय की नाही ते तपासायचं आणि खाली सही करायची, हे त्याचं काम. घरीही तो तसाच वागतो. दोन हजार तीन साली पुण्याच्या कंपनीने त्याला सात महिने जपानला पाठवलं होतं, शिझुओकाला. सोबत त्याचा मित्र आशुतोष होता. दोघं एका म्हातारीच्या घरी भाड्याने राहायचे आणि ती रोज संध्याकाळी त्यांना हिरवा चहा द्यायची. तिकडून येताना लोक कॅमेरे आणायचे. आमचे हे चहाची किटली घेऊन आले, बाजूला दांडा असलेली, मातीची.

तेव्हापासून रोज सकाळी हाच कार्यक्रम. पाणी उकळायचं, मग ते एका वाडग्यात ओतून निववायचं, मग किटलीत पत्ती, मग घड्याळ लावून एक मिनिट. पहिला कप माझ्या नाकाशी धरायचा आणि म्हणायचं, "विभा, वास घे." मी डबे भरत असायची, नाहीतर आमच्या लेकीची, कौमुदीची, वेणी घालत असायची. "तुझं ते पालकाचं पाणी तूच पी," असं मी म्हणायची. तो हसायचा आणि कप घेऊन खिडकीशी जायचा. असं किती वर्षं चाललं ते मोजायला बसले तर मलाच कसंतरी होईल.

इथे आल्यावर त्याची पंचाईत झाली. सुपरमार्केटातल्या ग्रीन टीच्या पिशव्यांना तो झाडूचा केर म्हणतो. डब्लिनच्या दुकानांत सुंदर डब्यातला चहा मिळतो, पण तिथे आपण डब्याचेच पैसे भरतो, असं त्याचं मत. मग त्याने स्वतःची पद्धत शोधून काढली. पाकिटावर पत्ती कधी तोडली ते लिहिलेलं नसेल तर घ्यायचं नाही. 'सेरेमोनियल', 'प्रीमियम' असले शब्द असतील तर त्या दुकानाचं पानच बंद करायचं. रोजच्यासाठी देठांचा चहा घ्यायचा, कारण तो त्याच झाडाचा असतो आणि निम्म्या किमतीत मिळतो. आणि थेट मळेवाल्याकडूनच मागवायचं, शंभर-शंभर ग्रॅम, साध्या पाकिटात, बावीस युरोंच्या आत, म्हणजे टॅक्स लागत नाही. आमच्या मराठी ग्रुपवर त्याने हे सगळं लिहून टाकलं होतं. लोकांनी लाइकचे अंगठे टाकले. मागवला कोणीच नाही, मला वाटतं.

दोन हजार वीसच्या मे महिन्यात त्याच्या नेहमीच्या मळेवाल्याने ईमेल केली. हॉटेलं बंद होती, माल पडून होता, आणि पहिल्या तोड्याचा चहा तो निम्म्या किमतीला देत होता. पहिला तोडा म्हणजे वसंतातली अगदी कोवळी पानं. एरवी आमच्या बजेटच्या बाहेरची गोष्ट. गुरुनाथने एक पाकीट मागवलं. जपानचं टपाल तेव्हा खोळंबलेलं होतं, ते पाकीट जुलैच्या शेवटी दारात आलं. इतकं खूश झालेलं मी त्याला कौमुदीच्या जन्मानंतर पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "मग फोड की."

"छे. आशू येऊ दे. त्याच्याशिवाय कसं फोडायचं?"

आशुतोषही इथेच आहे, नासला, डब्लिनच्या अलीकडे. गाडीने अडीच-पावणेतीन तास. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी तो आणि त्याची बायको चैत्राली आमच्याकडे यायचे होते. शुक्रवारी संध्याकाळी बातम्यांत सांगितलं की कोविडमुळे किल्डेअर काउंटी, म्हणजे तो अख्खा जिल्हा, मध्यरात्रीपासून बंद. नास किल्डेअरमध्येच येतं. मी श्रीखंडासाठी चक्का टांगला होता, तो आम्ही तिघांनी आठवडाभर खाल्ला. पाकीट मात्र गुरुनाथने दोन पिशव्यांत गुंडाळलं आणि फ्रीझरमध्ये ठेवलं, मटारांच्या मागे. न फोडता ठेवलं तर वर्षभर काही होत नाही, पण एकदा हवा लागली की महिन्याभरात वास उडतो, असं त्याने मला दोनदा समजावलं.

आमच्याकडे हे नवं नाही. चांगले काजू पाहुण्यांचे, चांगल्या चादरी पाहुण्यांच्या, सोनेरी काठाचे कप प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर. त्याच्या आईकडे असंच होतं, माझ्या आईकडेही असंच होतं, तेव्हा मी कोणत्या तोंडाने बोलणार? पण निदान पाहुणे यायचे तरी. इथे सरकारनेच पाहुण्यांवर बंदी घातली होती आणि आम्ही त्यांच्यासाठी चहा राखत होतो.

किल्डेअर सप्टेंबरात खुलं झालं. गुरुनाथने फोन केला. आशुतोष म्हणाला, "बघू रे." ऑक्टोबरात सगळ्याच काउंट्या बंद झाल्या. नाताळच्या आधी आठवडाभर रस्ते उघडले तेव्हा आशुतोष कुटुंबासकट डोनेगलला गेला आणि समुद्राचे फोटो पाठवले. गुरुनाथने त्याला लिहिलं, "मस्त. पाकीट वाट बघतंय." आशुतोषकडून एक हसरा चेहरा आला. मी तो मेसेज वाचला आणि मला इतका संताप आला, की मी फ्रीझर उघडून ते पाकीट ओट्यावर आणून आपटलं.

"आज फोड. आत्ता. मी पिते तुझ्याबरोबर."

"तुला आवडत नाही," तो शांतपणे म्हणाला. "तुझ्यावर कशाला वाया घालवू?"

खरंच होतं ते. मीच त्याला वर्षानुवर्षं तसं सांगत आले होते. तरी लागायचं ते लागलंच. त्याने पाकीट पुसलं आणि परत मटारांच्या मागे ठेवलं.

कौमुदी इथेच वाढलेली, पंधरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, बोलते आयरिश इंग्लिश. ती फ्रीझरकडे बघून म्हणाली, "बाबा, युअर मॅन इज नॉट कमिंग." इथे कोणाही माणसाला 'युअर मॅन' म्हणतात. गुरुनाथ म्हणाला, "येईल गं."

जानेवारीत गुरुनाथला कोविड झाला. फॅक्टरी चालूच होती, डिव्हाइस घरी बसून बनत नाहीत. कुठून आला ते कळलं नाही. फार काही झालं नाही, चार दिवस ताप, दहा दिवस वरच्या खोलीत. मी दाराशी ताट ठेवायची. सहाव्या दिवशी त्याने आतून विचारलं, "आमटीत आज हिंग घातला नाहीस का?" फोडणीचा वास खाली कौमुदीच्या अभ्यासाच्या वहीलासुद्धा लागला होता.

डॉक्टर म्हणाले, वास येईल परत, काहींना वेळ लागतो. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. तो रोज सकाळी लवंग, कॉफी, संत्र्याची साल अशा चार वाट्या समोर मांडून बसायचा आणि एकेक हुंगायचा. कुठेतरी वाचलं होतं म्हणे. कोणी विचारलं की इथल्यासारखं म्हणायचा, "ग्रँड," म्हणजे ठीक आहे. देठांचा चहा तो अजूनही करायचा, पाणी निववून, घड्याळ लावून. फक्त कप माझ्या नाकाशी धरणं बंद झालं. त्याने ते कधी बंद केलं ते मला सांगता येणार नाही. माझ्या लक्षातच आलं नाही, आणि ही गोष्ट मी स्वतःला माफ करत नाही.

एक जुलैला बावीस युरोंची सवलतही सरकारने काढून टाकली. त्याला सांगितलं तर म्हणाला, "असू दे, आता काय."

आणि त्याच आठवड्यात, रविवारी, आशुतोष आला. अकरा महिन्यांनी. चैत्राली, पेढे, गळाभेटी, सगळं झालं. गुरुनाथने आदल्या दिवशीच पाकीट फ्रीझरमधून काढून बाहेर ठेवलं होतं, कारण गार पाकीट लगेच फोडलं तर आत दमट हवा शिरते. सोनेरी काठाचे कप नाही, शिझुओकाहून किटलीबरोबर आणलेले बिनकानांचे कप काढले. पाणी निववलं. कात्रीने पाकिटाची कड कापली आणि सवयीने नाक आत घातलं. क्षणभर तसाच राहिला. मग पत्ती मोजून किटलीत घातली.

त्याने पहिला कप आशुतोषपुढे ठेवला. "घे आशू. पहिला तोडा."

आशुतोष हसला. "अरे गुऱ्या, तू अजून हे पितोस? मी तिथेसुद्धा त्या म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून गिळायचो. वहिनी, राग मानू नका, पण आपला आलं घातलेला चहा मिळेल का? प्रवासात नीट चहाच मिळाला नाही."

तो वाईट माणूस नाही. त्याला काही माहीतच नव्हतं. वास गेल्याचं गुरुनाथने त्याला कळवलं नव्हतं आणि पाकिटाचं म्हणाल तर त्याला ती गंमत वाटली होती. मला त्याला घराबाहेर काढावंसं वाटलं.

मी दुधाकडे वळले तर गुरुनाथने तो कप उचलला आणि माझ्या नाकाशी धरला.

"विभा, वास घे," तो म्हणाला. "आणि सांग मला."

मी वास घेतला. पालक नव्हता तो. काहीतरी कोवळं, गोड, ओलं, आपण मक्याचं कणीस सोलतो तेव्हा पहिलं पान ओढल्यावर येतं तसं, आणि त्याच्या मागे आणखी काहीतरी, ज्याचं नाव मला येत नव्हतं. अठरा वर्षं रोज सकाळी हा माणूस हेच माझ्यापुढे धरत होता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या मशीनच्या कागदांकडे बघतो तसा, नीट, एकही ओळ न गाळता.

"छान आहे," मी म्हटलं.

"छान म्हणजे कसा?"

मी तोंड उघडलं. आशुतोष आणि चैत्राली बघत होते. मला एक शब्द सुचेना. "छानच आहे रे," मी परत म्हटलं.

तो "बरं" म्हणाला, कप माझ्या हातात दिला आणि आशुतोषच्या चहासाठी आलं किसायला लागला.