महंमद मास्तरांनी एकदाच घेतलेलं माप

महंमद मास्तर कपडे शिवायचे चोख, पण गिऱ्हाईकाला घाम फोडायचे. माप घेतलं, वहीत लिहिलं, की लगेच म्हणायचे, "जरा परत उभं ऱ्हावा." असं चारदा. कपडे नेले की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाच्या दारात हजर, "काखंत दाटत न्हाय न्हवं?" अख्ख्या कोल्हापुरात इतका प्रामाणिक आणि इतका तापदायक शिंपी दुसरा नव्हता, हे त्यांच्यावर जीव असणारेच सांगत.

काळजी दुकानापुरती असती तर चाललं असतं. गिरणीतून यायला बायकोला, लालबीला, दहा मिनिटं उशीर झाला की मास्तरांना ती ट्रकखाली दिसायची. साधा खोकला आला की क्षय. तेवीस वर्षं लालबीनं हे हसून निभावलं. पण १९८३ च्या उन्हाळ्यात पेठ वडगावला दिलेल्या एकुलत्या लेकीचा, हाफिजाचा, निरोप आला. तिला सहावा महिना होता आणि पहिलं बाळंतपण ती सासरीच करणार होती.

पहिलं बाळंतपण आणि माहेरी नाही? लालबी तडक वडगावला गेली. हाफिजा रडायलाच लागली. "अम्मी, अब्बा दिसातनं धा बार इचारणार, बाळ हलतंय का. त्यांचं तोंड बघूनच मला वाटतंय, बाळाला कायतरी झालंय. मला भ्या वाटतंय की."

लालबीनं घरी येऊन शब्द न् शब्द सांगितला. मास्तरांचं मशीन थांबलं. आपल्या काळजीनं लेकीचं भलंच होतं, असं ते आजवर धरून चालले होते.

बंगळुरूला शिकून आलेले एक तरुण डॉक्टर, यज्ञेश्वर त्यांचं नाव, कोल्हापुरात मनाचे आजार बघायचे. त्यांच्याकडे जाऊ या, असं लालबीनं सुचवलं. "मी येडा झालोय व्हय?" मास्तर भडकले. लालबी म्हणाली, "न्हाय. पण लेक घरी यायला पायजे का नको?" मास्तरांनी टोपी चढवली.

काळजी करू नका, हे सांगणारे मास्तरांना आजवर छप्पन्न भेटले होते. डॉक्टर म्हणाले, "खुशाल करा, पण संध्याकाळी पाच ते साडेपाच. एरवी आली की वहीत लिहायची आणि कामाला लागायचं. आठ दिवसांनी त्यातलं खरं काय झालं, ते शेजारी लिहायचं." पहिल्या आठवड्यात एक्केचाळीस काळज्या निघाल्या. खऱ्या झाल्या दोन: दूध नासलं आणि लाइट गेली. मास्तर आधी ओशाळले, मग स्वतःलाच हसले.

पुढचा धडा अवघड होता. एका गिऱ्हाईकाचं माप एकदाच घ्यायचं आणि त्याच्या घरी जायचं नाही. नेमके आले हंबीरराव, पोराच्या लग्नात घालायला कोट हवा म्हणून. "झालं? येवढ्यातच?" ते चकितच झाले. कोट गेला त्या दिवशी मास्तर दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरले. तिसऱ्या दिवशी हंबीररावच गरजत दुकानात शिरले. "मास्तर, बाही बोटभर आखूड झालीया की!"

ज्याला भ्यायचे तेच झालं होतं. पण मास्तरांचे हात चालू होते. बाही उसवली, आतलं कापड सोडलं, टीप मारली, इस्त्री फिरवली. तेवढ्यात हंबीररावांचा चहा पिऊन झाला. कोट चढवून ते म्हणाले, "झ्याक!" आणि निघून गेले. मास्तरांनी वहीत लिहिलं, "भ्यालो ते खरं झालं. अर्ध्या तासात मिटलं."

महिनाभरानं ते एकटेच वडगावला गेले. जावयाच्या धंद्याबद्दल बोलले, विहीणबाईंनी घातलेल्या लोणच्याची चौकशी केली. हाफिजा वाट बघत होती. शेवटी तिलाच राहवेना. "अब्बा, बाळ हलतंय का, ते इचारला न्हाईसा?"

"हलत असंल की. मला काळजी वाटती, खोटं कशाला बोलू? पण ती माझी हाय, माझी मी बघतो. तुला जितं बरं वाटंल तितं ऱ्हा."

हाफिजा हसली, मग रडली, मग आत जाऊन सासूला विचारून आली आणि कपड्यांची पिशवी भरू लागली.

एस.टी.नं वडगाव सोडलं आणि हाफिजाला बापाच्या खांद्यावर गाढ झोप लागली. बरं हाय न्हवं, असं तिला उठवून विचारावं, हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. हाताला मुंग्या आल्या, तरी कोल्हापूर येईपर्यंत त्यांनी खांदा हलवला नाही.