सिनेमाआधी खुन्याचा सत्कार

माझ्या भाचीनं एक सिनेमा काढला. त्यातला खुनी पहिल्यापासून ओळखू येतो, असं आमच्या अंबडमध्ये सगळ्यांचं मत आहे. मत बरोबर आहे. दोष मात्र सिनेमाचा नाही, माझा आहे. हे लिहून ठेवायला मी फार उशीर केला.

भाची आणि तिचा नवरा लग्नांची शूटिंग करतात. लग्नाचा कॅमेरा, लग्नाचे लाइट आणि लग्नसराई संपल्यावरचे रिकामे दिवस, एवढ्यावर तिनं एकामागून एक खून करणाऱ्या माणसाचा सिनेमा काढायचं ठरवलं. तिची आई, म्हणजे माझी बहीण, म्हणाली, "त्यापेक्षा देवाचा काढ की. जांब समर्थचं राममंदिर काय लांब हाय का?"

"देवाच्या पिक्चरचा शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, आई," भाची म्हणाली.

नट घरचेच होते. गुळाच्या पाकात रंग कालवून रक्त केलं होतं. त्याला मुंग्या लागल्या आणि पहिल्या खुनातलं प्रेत मध्येच पाय खाजवायला लागलं. ते दृश्य तसंच ठेवलं आहे, कारण बाकीच्यांचं रडणं त्यात चांगलं झालं होतं.

गोष्ट मात्र तिनं विचार करून लिहिली होती. आमच्याकडं मयत झालेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी भाकरी-पिठलं करून नेतात आणि घरच्यांना दोन घास खायला लावतात. सिनेमात गावात कुणाचा खून झाला की एक वयस्कर शेतकरी टोपलीत भाकरी घेऊन त्या घरी जातो. पोरक्या लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवतो. लोक एकमेकांवर संशय घेत राहतात, याच्यावर कुणी घेत नाही. शेवटच्या खुनाच्या वेळी ही भाकरीची टोपली जरा लवकर येते. बातमी गावात नुकतीच पोचलेली असते आणि भाकरी थापून, फडक्यात बांधून दारात हजर असतात. फौजदाराला तिथं कळतं.

हा शेतकरी झाले होते माझे व्याही, आमच्या बोलीत इवाई, म्हणजे माझ्या सुनेचे वडील. त्यांची मोसंबीची बाग आहे. बैलालाही अहो-जाहो करतील असा माणूस. भाचीनं त्यांना निवडलं ते त्यासाठीच.

सिनेमा पहिल्यांदा दाखवायचा होता मंगल कार्यालयात. माईक माझ्याकडं आला. मी बसस्थानकावर कंट्रोलर होतो. गाडी कुठून आली, कुठं जाणार, कुठल्या फलाटावर लागणार, हे लोकांना आधीच सांगायचं, यातच माझी सगळी नोकरी सरली. त्यामुळं गावात माईक दिसला की लोकांना मी आठवतो.

आमच्याकडं कुठल्याही कार्यक्रमात सत्कार आधी उरकतात. नंतर पाहुणे थांबत नाहीत. भाचीनं सकाळी मला बाजूला घेऊन बजावलं, "मामा, सगळ्यांचे सत्कार करा. फक्त इवायांचा पिक्चर झाल्यावर करायचा. आधी त्यांचं नावबी काढू नका. त्यांच्याकडं लोकांचं लक्षच जायला न्हाई पाहिजे."

"बिलकुल," मी म्हणालो.

सत्कार सुरू झाले. फौजदार झालेल्याला शाल दिली. ज्यांचे खून झाले त्या सगळ्यांना दिली. ज्याचा ट्रॅक्टर वापरला त्यालाही दिली, आणि तो तर शूटिंगला आलाही नव्हता. व्याही पहिल्या रांगेत धुवट धोतर नेसून, फेटा बांधून बसले होते. त्यांच्या शेजारी त्यांची सगळी माणसं होती. प्रत्येक नावाला व्याही जरा पुढं सरकायचे आणि दुसराच कुणी उठला की मागं टेकून टाळ्या वाजवायचे. त्यांच्या मागच्या रांगेतून माझी सून माझ्याकडं बघत होती.

ताटात एक शाल उरली होती. व्याह्यांना भर सभेत मान न देणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात सून आहे त्याला समजावून सांगायला नको. भाची तिथं असती तर तिनं मला डोळ्यानं आवरलं असतं. पण प्रोजेक्टरची वायर चालेना म्हणून ती आणि तिचा नवरा दुसरी आणायला बाहेर गेले होते. मी माईक हातात घेतला आणि स्वच्छ आवाजात म्हणालो, "आता आपल्या पिक्चरचे खरे मानकरी! ज्यांनी आयुष्यात मुंगी मारली नाही, पण या पिक्चरमध्ये निम्मं गाव मारलं, ते आमचे व्याही!"

टाळ्या सगळ्यात जास्त त्यांनाच पडल्या. व्याह्यांनी शाल घेऊन चारी दिशांना हात जोडले. खाली उतरताना माझा हात दाबून म्हणाले, "तुम्ही मान ठेवला, इवाई."

कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही त्या वेळी वाटलं नाही. मग भाची वायर घेऊन आली, लाइट बंद झाले आणि व्याही पहिल्यांदा टोपली घेऊन पडद्यावर आले. सगळं कार्यालय हसलं.

"काका, आज कुणाकडं पंगत?" मागून कुणीतरी ओरडलं.

"भाकर नगं, पण काकाला आवरा!" दुसरा.

भिंतीला टेकून उभी असलेली भाची हसणाऱ्या लोकांकडं आळीपाळीनं बघत होती. त्या प्रसंगात बायांनी डोळे पुसावेत अशी तिची अपेक्षा होती.

सिनेमा सुटल्यावर तिनं दारात मोबाइल धरून लोकांची मतं घेतली. मी तिच्याजवळच उभा होतो.

"पिक्चर बराबर हाय, पण खुनी लगेच कळून राह्यला," एकजण म्हणाला.

"कशावरून कळला?"

"चेहराच सांगतो ना."

एक बाई म्हणाल्या, "मला तर टोपली बघूनच शंका आल्ती." तिसरा म्हणाला, त्यानं पन्नास असे पिक्चर बघितले आहेत, त्याला कुणी फसवू शकत नाही. सत्काराचं एकानंही नाव काढलं नाही. ते लपवत होते असं मला वाटत नाही. सत्कारातलं भाषण कुणी ऐकत नाही, ते नुसतंच कानात जातं. आपण अक्कल चालवून खुनी ओळखला, असंच प्रत्येकाला वाटत होतं.

शेवटी भाचीनं मोबाइल माझ्याकडं वळवला. "मामा, तुमचं मत?"

खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "कळतं जरा लवकर."

तिनं मान हलवली आणि मोबाइल बंद केला.

त्यानंतर तिनं सिनेमा पुन्हा कापला. खुनी लवकर कळतो म्हणून व्याह्यांची दृश्यं काढत गेली. मयताच्या घरची भाकर गेली, लेकरांच्या डोक्यावरचा हात गेला. उरलेला सिनेमा इंटरनेटवर टाकला. तिथं माझं भाषण न ऐकलेल्या लोकांनी तो बघितला आणि खाली मतं लिहिली. 'शेवटी एक काका टोपली घेऊन येतात आणि खुनी निघतात. हे आले कुठून?' 'टोपलीवाल्याचा संबंध काय?' 'यापेक्षा प्रेताचं काम बरं आहे, निदान पाय तरी हलवतं.' भाचीनं ती सगळी मला वाचून दाखवली. इथल्या लोकांना खुनी फार लवकर कळला, तिथल्यांना कळलाच नाही, याचा मेळ तिला लागत नव्हता. मला लागत होता. मी चहा पीत राहिलो.

नंतर एकदा मी तिच्या दुकानात बसलो असताना ती म्हणाली, "आता लग्नं चालू होतील, मामा. कंप्युटरमदी जागा पाहिजे. मूळ पिक्चर काढून टाकते. आपल्याला ते जमत न्हाई, एवढं कळलं तरी लई झालं." तिनं ते साध्या आवाजात म्हटलं. त्यामुळंच मला बसवेना.

"थांब," मी म्हणालो, आणि शाल, सून, माईक, सगळं सांगितलं.

तिनं माऊसवरचा हात काढला. मग म्हणाली, "म्हंजे मूळ पिक्चर बराबर होता?"

"ते मला कसं सांगता येईल? मला आधीपासून माहीत होतं."

"आणि बाकीच्यांना?"

"त्यांना मी सांगितलं."

मग खुनी कोण हे माहीत नसलेला माणूस शोधणं आलं. अंबडमध्ये असा कुणी उरला नव्हता. मंठ्याला माझ्याबरोबर नोकरी केलेला एक ड्रायव्हर राहतो. जन्मभर त्याला प्रत्येक प्रवासी बिनतिकीट वाटायचा. मी त्याला जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावर मूळ सिनेमा लावून दिला. भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. या वेळी मी एक शब्दही बोललो नाही.

त्यानं पहिल्यांदा फौजदारावर संशय घेतला. मग विधवेवर. मग ट्रॅक्टरवर, की हा उगाच सारखा का दिसतो. व्याही टोपली घेऊन आले तेव्हा तो माझ्याकडं वळून म्हणाला, "ह्या एकाच माणसात माणुसकी हाय बघा, साहेब." मी पडद्याकडं बघत राहिलो.

शेवटचा खून झाला. एक माणूस पळत गावात बातमी घेऊन आला. रडारड सुरू झाली आणि व्याही दारात आले. ड्रायव्हर टेकून बसला होता, तो सरळ झाला.

"थांबा थांबा," तो म्हणाला. "बातमी तर आत्ता आली. मंग यानं भाकरी कव्हा थापल्या?" पडद्यावर फौजदार अजून चपला काढत होता. "आयला! हा? साहेब, हा?"

भाचीनं दाराच्या चौकटीला हात धरला. मग खाली बसली आणि त्याला म्हणाली, "ड्रायव्हरमामा, परत एकदा म्हणा ना, काय म्हणाले ते." त्यानं परत म्हटलं. ती हसली आणि डोळेही पुसले. ती माझ्यावर रागावली असती तर मला सोयीचं झालं असतं, पण तिला त्या वेळी माझी आठवणच नव्हती.

मूळ सिनेमा आता इंटरनेटवर आहे. भाचीनं मला एवढंच सांगितलं, की व्याह्यांना हे कळू देऊ नका, बिचाऱ्यांना वाईट वाटेल. पण लिहायचं तर पूर्ण लिहायला हवं. शाल त्यांनी मागितली नव्हती, ती मी दिली. हे त्यांनी वाचलं तरी त्यांनी स्वतःकडं दोष घेऊ नये.

भाचीनं दुसऱ्या सिनेमाची गोष्ट लिहायला घेतली आहे. मला ऐकवलेली नाही. मीही विचारलेलं नाही.