शिंपीकाकांच्या रंगवार डब्या

दवाखान्यातल्या नर्सबाईंना सगळे भिंगरी म्हणायचे, अर्थात पाठीमागे. बाई एका जागी बसतील तर शपथ. डोक्यात काही शिरलं की उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! या खेपेला शिरलं होतं ते असं, की जुन्या पेशंटांनी घरातली झाडून सगळी औषधं पिशवीत घालून आणावीत आणि टेबलावर ओतावीत. डॉक्टरांनी पुष्कळ आढेवेढे घेतले आणि शेवटी बुधवारची दुपार दिली.

पहिल्याच दुपारी टेबलावर काय काय आलं! मुदत उलटलेली खोकल्याची बाटली, शेजारणीने गुण येतो म्हणून दिलेल्या गोळ्या, आणि एका आजोबांच्या पिशवीतून तर कुत्र्याचं मलम. बाईंचा आनंद गगनात मावेना.

मग काकूंच्या खांद्याचा आधार घेत शिंपीकाका आले. हल्ली त्यांना उठलं की चक्कर यायची. दुकानात दोनदा पडलेही होते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, पण घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना. वय झालं, असं मग सगळ्यांनीच धरलं. दुकान विकायला काढलं होतं, आणि त्याच संध्याकाळी सौदा पक्का करून घेणाऱ्याच्या हाती किल्ली द्यायची होती.

काकांनी पिशवीतून बटणांच्या डब्या काढल्या. जन्म बटणं निवडण्यात गेलेला माणूस. गोळ्याही पाकिटातून सोडवून रंगवार लावलेल्या. पांढऱ्यांची डबी, गुलाबींची डबी, पिवळ्यांची डबी. रोज सकाळी प्रत्येकीतली एक, असं काका अभिमानाने म्हणाले.

बाईंनी पाकिटं कुठं आहेत म्हणून विचारलं. सगळं आणा म्हटल्यावर काकूंनी रिकामी पाकिटंही आणली होती. बाईंनी त्यातली दोन पाकिटं शेजारी शेजारी धरली. कंपन्या दोन, नावं दोन, खाली बारीक अक्षरांत औषध मात्र एकच, रक्तदाबाचं. मध्यंतरी औषधवाल्याने पांढरीऐवजी गुलाबी दिली होती. रंग नवा म्हणजे औषध नवं, म्हणून काकांनी नवी डबी उघडली. गुलाबी त्याच्याकडून येत राहिल्या, आणि पांढऱ्या संपत आल्या की काकू त्या दुसऱ्या दुकानातून आणत.

दार न वाजवताच बाई डॉक्टरांच्या खोलीत घुसल्या. डॉक्टर उठून आले. त्यांनी काकांचा रक्तदाब आधी झोपवून, मग उभं करून मोजला. उभं राहताच तो धाडकन उतरला.

"काका, या दोन्ही एकच आहेत. तुम्ही दुप्पट औषध घेताय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी गुलाबी डबी स्वतःकडे ठेवून घेतली.

काकूंचा चेहरा उतरला. "मीच आठवण करून द्यायचे. एकही चुकू दिली नाही." बाई त्यांच्याजवळ बसल्या आणि त्यांचा हात धरून राहिल्या.

काका मात्र वेगळ्याच विचारात होते. "म्हणजे हे म्हातारपण नव्हे?"

"म्हातारपण आहेच की," डॉक्टर हसले, "पण ही चक्कर बहुतेक गोळीची. चार दिवस जपून उठा आणि पुन्हा दाखवायला या."

काका भिंतीला धरून सावकाश उठले. "चल लवकर," ते काकूंना म्हणाले, "तो माणूस दुकानाची किल्ली न्यायला येईल. किल्ली राहू दे, त्याला शर्टाचं माप द्यायला सांगू."