चुन्याच्या गोलातली सभा

लॉकडाऊन सैल व्हायला लागला तेव्हा मला कळलं, की आपलं दुकान सोडून बाकी सगळी दुकानं माणसाला धोक्याची वाटतात. नांदुऱ्याकडून येताना वडनेर भोलजी ओलांडलं, की आमचं गाव. तिथला किराणावाला म्हणे, जीप सुरू करू नका, शहरातून रोग येईल. जीपवाला म्हणे, चहाची टपरी नको, तिथं घोळका होतो. चहावाला म्हणे, आठवडी बाजार नको. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं, सलून नकोच नको. आणि गावात सलून एकच, माझ्या नवऱ्याचं.

माझे आजेसासरे वस्तरा-कात्रीची धोकटी खांद्याला लावून दारोदार फिरायचे. कोणी निंबाखाली बोलावलं, कोणी गोठ्यात, तिथं उकिडवं बसून दाढ्या करायच्या आणि सुगीला जवारी घ्यायची. सासऱ्यांचंही आयुष्य त्यातच गेलं. यांनी मात्र स्टँडजवळ शटरचं दुकान टाकलं, फिरती खुर्ची आणली, भिंतभर आरसा लावला. पहिल्या दिवशी सासरे त्या खुर्चीत बसले ते उठेचनात. "आता लोकं आपल्याकडे येतीन," असं दिसेल त्याला सांगत होते.

लॉकडाऊन लागला आणि ते शटर खाली आलं. माझ्या निंदणाच्या मजुरीवर चूल पेटायची, तीही रोज नाही. मग हळूहळू यांचा फोन वाजायला लागला. "मांगच्या दारानं ये. कोणाले सांगू नको." हे पिशवीत कात्री-वस्तरा घालायचे, वर चार वांगी ठेवायचे आणि निघायचे. पोलिसांनी धरलं असतं तर सरळ गुन्हा होता. परत आले की अंगणातच आंघोळ करायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी वेडी मनातून खूश व्हायची. म्हणायची, चला, गावाचं यांच्यावाचून अडतं तर!

अखेर सरकारनं सलूनला परवानगी दिली. पण गावात आधी सभा घ्यायची ठरली. शाळेच्या मैदानात चुन्याचे गोल आखले आणि एकेका गोलात एकेक जण बसला. आम्ही बाया मागं, त्यामुळे मला सगळ्या पुरुषांच्या माना दिसत होत्या. एकूणएक मान साफ! गावातलं एकमेव सलून तीन महिने बंद, आणि एकाच्याही कानावर केस नाही. डोकी काय आपोआप भादरली गेली होती? यांच्या हातचं काम मला शंभरात ओळखू येतं.

रिटायर झालेले गुरुजी उठले. गाल गुळगुळीत होते, सकाळीच हे गोठ्यात जाऊन त्यांची दाढी करून आले होते. गुरुजी म्हणाले, "सलून म्हंजे रोगाचं घर. एकाचा वस्तरा अन् दुसऱ्याची मान. माह्या मतानं दिवाळीपरेंत शटर उघडूच नोये." त्या साफ केलेल्या माना पटापट हलल्या.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी ताडकन उठले. "गुरुजी, तुमची दाढी..." एवढं बोलले आणि यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. तसे डोळे मी यांचे कधी पाहिले नव्हते. मग लक्षात आलं, मी बोलले तर लाज गुरुजींची जाईल, पण गुन्हा यांच्यावर पडेल. "काही नाही," म्हणून मी खाली बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सरपंच माणूस बरा. तो म्हणाला, "दुकान उघडावं असं ज्याले वाटते त्यानं हात वर करा." मी केला. चहावाल्याचा हात अर्धा वर गेला, पण इकडंतिकडं बघून त्यानं त्याच हातानं डोकं खाजवलं. मी यांच्याकडे पाहिलं. यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर तसेच होते.

घरी आल्यावर मी रडत भांडले. "गावाचं सोडा, तुमी काऊन हात वर नाही केला? दुकान तुमचंच हाये ना?"

हे भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "गावाले आता सवय लागली. थे बोलावते अन् मी जातो. कोणाले कायले पाह्यजे दुकान? आज बंद हाये, त बंदी हाये म्हणून सांगता येते. उद्या उघडून बसलो अन् कोणी आलंच नाही, त मंग कोणाचं नाव सांगू?"

तीन महिने मी त्या बंदीला शिव्या घातल्या होत्या. माझ्या नवऱ्याला आता तिचाच आधार उरला होता.